हुकमी स्वप्न आणि यक्षाची खूण

(कन्हान इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब जमेल तिथे तशीच ठेवली आहे.)

मागे आवाज पोचतो ना? ठीक आहे.

आजचा विषय कळल्यावर तिघा-चौघांनी मला फोन केले. एका मुलानं तर सरळ विचारलं, "सर, ल्युसिड ड्रीमिंग शिकवणार काय? मोबाईलवर खूप व्हिडिओ पाहिले, पण जमून नाही राहिलं." त्याला म्हटलं, बाबा रे, मी साहित्याचा मास्तर. मला शिकवता येतं ते फक्त वाचणं. तू ये, आपण एक कविता वाचू. तो आला आहे, तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव नाही सांगत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपण झोपेत आहोत, स्वप्न चालू आहे, आणि मधेच लक्षात येतं की अरे, हे तर स्वप्न आहे. एरवी असं लक्षात आलं की जाग येते. पण काहींना जाग येत नाही. स्वप्न चालूच राहतं आणि माणूस त्यात भानावर असतो. मराठीत काही जण याला 'सजग स्वप्न' म्हणतात. मला विचाराल तर 'स्वप्नातलं भान' हा शब्द पुरेसा आहे. आपण भानावर येतो म्हणतो, तेव्हा डोळे उघडलेच पाहिजेत अशी काही अट नसते.

आता बघा, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक, हे स्वप्न आहे हे कळणं. दुसरी, ते कळल्यावर स्वप्न आपल्या मर्जीनं चालवणं. म्हणजे उडणं, भिंतीतून जाणं, हवं ते माणूस समोर आणणं. पहिली गोष्ट साधली म्हणजे दुसरी साधतेच असं नाही. पुष्कळ जणांना कळतं, पण हलवता काही येत नाही. आणि व्हिडिओ जे बनतात ते सगळे दुसऱ्या गोष्टीवर. १८६७ साली एर्वे द सँ-दनी या फ्रेंच गृहस्थानं स्वप्नांवर पुस्तक काढलं. हा मुळात चिनी भाषेचा अभ्यासक. त्याच्या पुस्तकाच्या नावातच स्वप्नांना दिशा देण्याचे उपाय आहेत. 'ल्युसिड' हा शब्द पुढे १९१३ मध्ये फ्रेडरिक व्हान एडन या डच लेखकानं रूढ केला. तो डॉक्टरही होता. म्हणजे शब्द आला नंतर, आणि हुकूम चालवायची हौस त्याच्या आधीची.

हे सगळं खरं कशावरून, असा प्रश्न शास्त्रज्ञांना बरीच वर्षं होता. झोपलेला माणूस उठून सांगतो की मी भानावर होतो, त्याला पुरावा काय? १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यानं एक सोपी युक्ती केली. स्वप्नं पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू लुळे पडलेले असतात, पण डोळे हलतात. तेव्हा झोपणाऱ्याशी आधीच ठरवलं की स्वप्नात भान आलं की नजर अमुक वेळा डावी-उजवी कर. आणि यंत्रावर ती खूण उमटली. माणूस गाढ झोपेत, आणि आतून खूण करतोय! काही वर्षांनी स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यानं स्वतंत्रपणे हेच दाखवलं. २०२१ मध्ये तर चार देशांतल्या संशोधकांनी स्वप्नातल्या माणसांना बाहेरून साधी गणितं घातली. बहुतेक वेळा उत्तर आलं नाही. काही वेळा आलं, आणि बरोबर आलं.

हा 'खूण' शब्द लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता कविता. आपल्या कन्हान स्टेशनातून एक फाटा फुटतो तो रामटेकला जातो. या गावात वाढलेल्या प्रत्येकाने त्या गाडीनं गडमंदिराला एकदा तरी चक्कर मारली असेल. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी आयुष्यभर आग्रहानं मांडलं की 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच. सरगुज्याच्या रामगडवाल्यांचा दावा वेगळा आहे, तो वाद आज नको. मी मिराशींच्या बाजूनं आहे, आणि त्यात गावाचा थोडा पक्षपात आहे हे कबूल करतो.

'मेघदूत' म्हटलं की आपल्याला ढग आठवतो, आषाढ आठवतो, प्रवास आठवतो. मराठीत चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बोरकर, शांताबाई शेळके, एवढ्या मोठ्या माणसांनी त्याचे अनुवाद केले. पण ही कविता झोपेची आणि स्वप्नाची आहे याकडे आपलं फार लक्ष जात नाही. साधं बघा, यक्षाचा शाप संपणार कधी? विष्णू शेषाच्या अंथरुणावरून उठेल तेव्हा. म्हणजे कार्तिकी एकादशीला. आणि उरलेत चार महिने. चातुर्मासच की! दहा-बारा दिवसांच्या हिशेबावरून टीकाकारांनी पुष्कळ घोळ घातला आहे, पण मुद्दा हा, की जगाचा पालनकर्ता झोपलेला आहे तेवढ्या अवधीत ही कविता घडते. देव उठला की विरह संपला.

या झोपेच्या आत, उत्तरमेघात, चार ठिकाणी स्वप्न येतं. कवितेच्या क्रमानंच घेतो.

पहिल्या जागी यक्ष ढगाला आपल्या बायकोचं वर्णन सांगतोय. ती रात्री झोपेची वाट बघते. कशासाठी? निदान स्वप्नात तरी भेट व्हावी म्हणून. पण डोळ्यांत पाणी एवढं भरून येतं की झोपेला शिरायला जागाच उरत नाही. आज ज्याला आपण तंत्र म्हणतो, झोपताना मनात धरायचं की अमुक स्वप्न पाडीन, ते ही बाई करतेय. आणि ते का फसतं हेही कालिदास एका ओळीत सांगून टाकतो. ज्या दुःखापायी स्वप्न हवं, तेच दुःख झोपू देत नाही. तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, तुझं काय अडतं मला माहीत नाही, पण पुष्कळांचं इथेच अडतं.

दुसरी जागा. यक्ष ढगाला म्हणतो, तू पोचशील तेव्हा ती झोपली असली तर गरजू नकोस. एक प्रहर थांब. कदाचित मी तिला स्वप्नात कसाबसा भेटलेला असेन, तिचे हात माझ्या गळ्यात असतील, ती मिठी सोडवू नकोस.

इथे मला दरवेळी आमचं घर आठवतं. माझे वडील खाणीत होते. बाबा नाइट करून सकाळी आले की जेवून दुपारभर झोपायचे, आणि आम्ही पोरं घरात चोरासारखी वावरायचो. भांडं पडलं की आजी म्हणायची, "हळू नं बे! झोपू दे त्याले. एकदम उठवलं तर जीव वापस नाही येत." ही आजीची अंधश्रद्धा असं मी मॅट्रिकपर्यंत समजत होतो. मग कॉलेजात बृहदारण्यक उपनिषद वाचायला घेतलं. त्यात याज्ञवल्क्य जनकाला स्वप्न समजावून सांगतो. तिथे रथ नसतात, रस्ते नसतात, झोपलेला माणूस ते स्वतः निर्माण करतो. आणि त्याच ओघात लोक म्हणतात म्हणून सांगतो, की झोपलेल्याला एकदम उठवू नये, तो जिथे परत यायचा तिथे न आला तर त्याच्यावर औषध कठीण. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी पुस्तक मिटवून बराच वेळ बसून राहिलो.

तर यक्षाची ही विनंती सुंदर आहे. पण टीकाकार म्हणून मला एक खोडी काढावीशी वाटते. हा गृहस्थ धरूनच चालतो, की ती झोपली असेल तर स्वप्न माझंच बघत असेल! दुसऱ्याच्या स्वप्नात आपण काय करतोय तेही यानं ठरवून टाकलं. हुकूम आहे, फक्त गोड आवाजातला. कालिदासाला हे दिसत होतं का? मला वाटतं, दिसत होतं. कसं ते चौथ्या जागी सांगतो.

तिसरी जागा प्रत्यक्ष निरोपातली. आधी यक्ष सांगतो की मी दगडावर गेरूनं तुझं चित्र काढतो, तुझ्या पायांशी स्वतःला काढायला जातो तर डोळे भरून येतात, तिथेही नशीब आपल्याला एकत्र येऊ देत नाही. आणि लगेच पुढे स्वप्न. स्वप्नात तू महत्प्रयासानं मिळतेस, मी घट्ट मिठीसाठी हात पसरतो, आणि ते हात आकाशात पसरलेले असतात. ते बघून वनदेवता रडतात, त्यांचे मोत्यांएवढे अश्रू झाडांच्या पानांवर पडतात.

हे चित्र नीट डोळ्यांसमोर आणा. हात आकाशात आहेत हे कोणाला दिसतंय? स्वप्नातल्या यक्षाच्या मिठीत तर बायको आहे. रिकामं आकाश दिसतं ते बाहेरून बघणाऱ्या देवतांना. पण सांगतोय यक्ष. म्हणजे एकाच वेळी तो आत आहे आणि बाहेर आहे. मिठी मारणाराही तोच, आणि ती मिठी हवेत आहे हे जाणणाराही तोच. स्वप्नातलं भान यापेक्षा थोडक्यात कोणी लिहिलेलं मला माहीत नाही. (डॉक्टर मंडळी म्हणतील, त्या झोपेत स्नायू लुळे असतात, हात वर जातीलच कसे? जाणार नाहीत. कालिदास प्रयोगशाळेचा अहवाल लिहीत नव्हता.)

पण गंमत अशी, की या भानामुळे यक्षाच्या पदरात काय पडलं? काही नाही. मिठी हवेत आहे एवढं कळलं. आजचे व्हिडिओ सांगतात, एकदा कळलं की राज्य तुमचं. कालिदास सांगतो, कळलं, आणि हात रिकामे.

इथे मी जरा आडवाटेला जातो, कारण याच टप्प्यावर या विषयातलं माझं स्वतःचं काही आहे.

बाबा गेले त्याला दोन वर्षं झाली होती. एका पहाटे स्वप्न पडलं. कन्हानच्या पुलावर बाबा उभे, डोक्याला खाणीतली बत्ती, भर दुपारी ती पेटलेली. मला वाटलं, दिवसा कशाला पेटवली? आणि त्या प्रश्नासरशी लख्ख कळलं, बाबा तर नाहीत, हे स्वप्न आहे. जाग आली नाही. नदी दिसत होती, पुलावरून जाणारी गाडी दिसत होती. मी तेव्हा या विषयावर वाचलेलं होतं, त्यामुळे पुढे काय करायचं ते माहीत होतं. मी ठरवलं, यांच्या तोंडून ते ऐकायचं जे कधी ऐकलं नाही. आणि बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मला तुझा अभिमान वाटतो."

मंडळी, माझ्या बापानं जन्मात असं वाक्य उच्चारलं नाही. 'अभिमान' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच. ते फार खूश झाले तर म्हणायचे, "बरं करून राहिला बे." तेवढ्यावर आम्ही आठवडा काढायचो. स्वप्नातलं वाक्य होतं माझं, माझ्या निबंधातल्या मराठीत. मी एक बाहुली केली होती, तिला बापाचा चेहरा लावला होता, आणि तिच्याकडून माझंच वाक्य वदवून घेतलं होतं. जागा झालो तो घामानं भिजून. आनंद नव्हता. कोणाची तरी खोटी सही केल्यासारखं वाटत होतं.

तेव्हापासून मी 'मेघदूता'तली चौथी जागा वेगळी वाचतो.

निरोप संपत आलाय. यक्षाला एक व्यावहारिक अडचण आहे. ढग जाऊन सांगेल, पण हा निरोप खरंच नवऱ्याचा आहे हे तिला कशावरून पटावं? खूण पाहिजे. फक्त दोघांना माहीत असलेली गोष्ट. अंगठी नाही, काही नाही. तर यक्ष खूण म्हणून काय पाठवतो? एक स्वप्न. ढगा, तिला सांग, की एकदा तू माझ्या गळ्यात हात टाकून झोपली होतीस आणि एकाएकी मोठ्यानं रडत जागी झालीस. मी पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा मनातल्या मनात हसत म्हणालीस, की लबाडा, तू स्वप्नात दुसऱ्याच कुठल्या बाईशी रमलेला दिसलास.

आता चारही स्वप्नं शेजारी ठेवून बघा. पहिलं तिला हवं होतं, पडलं नाही. दुसरं त्यानं तिच्या वतीनं कल्पिलेलं. तिसरं त्याला हवं होतं, पडलं, पण हाती हवा आली. आणि चौथं? ते कोणालाच नको होतं. तिनं मागितलं नव्हतं, त्याला तर ते मुळीच सोयीचं नव्हतं, त्यात तो लबाड ठरलाय. आणि नेमकं हेच स्वप्न पुरावा म्हणून चालतं. यक्षानं जर निरोप पाठवला असता की 'तू स्वप्नात मला मिठी मारलीस', तर ती म्हणाली असती, असं तर कोणीही सांगेल. विरहातल्या प्रत्येक नवऱ्याचा तोच निरोप असणार. लबाड नवऱ्याचं, रडून उठल्याचं, मग पोटात हसू दाबल्याचं स्वप्न मात्र कोणी रचून पाठवणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हुकमी स्वप्न साक्ष देऊ शकत नाही. जे मी चालवलं, त्यात मला आधीच माहीत असलेलंच परत मिळतं. मघाशी दुसऱ्या जागी जो यक्ष तिचं स्वप्न परस्पर ठरवत होता, त्यालाच कालिदास शेवटी तिच्या स्वतःच्या स्वप्नापाशी आणून उभा करतो, जिथे याचं काही चालत नाही आणि ती याच्यावर हसते. म्हणून मी म्हटलं, कवीला ते दिसत होतं.

भासाचं 'स्वप्नवासवदत्त' याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. झोपलेला उदयन बरळतो, मेली असं समजलेली वासवदत्ता खरोखर शेजारी बसून त्याला उत्तरं देते. २०२१ च्या त्या प्रयोगाचं नाटकच म्हणा ना! ती त्याचा लोंबता हात पलंगावर ठेवून निघून जाते. तो जागा होऊन धावतो आणि दारावर आपटतो. पण त्यावर बोलायला दुसरा दिवस लागेल.

कोणी म्हणेल, सर, हे संस्कृतातलं झालं, मराठीचं काय? मराठीत आपल्याकडे स्वप्नासाठी एक खास शब्द आहे, दृष्टांत. 'मला दृष्टांत झाला' असं आपण म्हणतो. मी केला असं नाही, झाला. व्याकरणच सांगतं की कर्ता दुसरीकडे आहे. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि कवित्वाचं काम लावून गेले, असं तुकाराम स्वतः सांगतात. आणि तुकारामांचीच शिष्या बहिणाबाई. ती कोल्हापुरात, तुकाराम देहूला, भेट झालेली नाही. कीर्तनात त्यांची पदं ऐकून तिला ध्यास लागला. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर दिवसच्या दिवस तिनं मन एकाच गोष्टीवर लावलं होतं. मग स्वप्नात तुकारामांनी डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला.

इथे माझ्या म्हणण्यावर आक्षेप येऊ शकतो आणि तो मला हलका वाटत नाही. ध्यास तिचा, स्वप्न तिला हवं तसं पडलं. मग हेही हुकमीच नाही का? मला वाटतं, फरक परिणामात आहे. हुकमी स्वप्नाची किंमत कोणाला मोजावी लागत नाही. बहिणाबाईला मोजावी लागली. ब्राह्मणाची बायको, आणि गुरू शूद्र. नवरा खवळला, छळ झाला, घर सोडून जायची भाषा झाली, आणि हे सगळं तिनं आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवलं. तिनं स्वप्नावर ताबा मिळवला नाही. स्वप्नानं दिलेल्या शब्दावर ती जागेपणी ठाम राहिली. आपल्या हरिश्चंद्राच्या गोष्टीतही तेच, राज्य दिलं स्वप्नात आणि शब्द पाळला उठल्यावर. ताबा हा शब्द वापरायचाच असेल तर आपल्याकडे तो उठल्यानंतरच्या बाजूला वापरलेला दिसतो. तरीही बहिणाबाईचा प्रश्न माझ्यापुरता पूर्ण सुटलेला नाही, हे सांगून टाकतो.

मी या प्रकाराची टिंगल करायला उभा नाही. ज्यांना रोज तीच भयंकर स्वप्नं पडतात, त्यांना 'हे स्वप्न आहे' एवढं आत कळलं तर मोठा आधार असतो, आणि तिथे थोडा ताबा मिळाला तर मिळू द्यावा. बुडणाऱ्याला पोहण्याच्या सौंदर्यावर व्याख्यान देऊ नये. फक्त या गावात पाळ्यांवर जाणारी माणसं पुष्कळ आहेत म्हणून सांगतो, या शिकवण्यांत पहाटे गजर लावून मुद्दाम झोप मोडायला सांगतात. ज्याची झोप कामानंच मोडलेली आहे त्यानं ती आणखी मोडू नये.

(इथे श्रोत्यांतून प्रश्न आला : बाबा पुन्हा स्वप्नात आले का?)

आले. बऱ्याच महिन्यांनी. या वेळी मला काहीच कळलं नाही, म्हणजे स्वप्न आहे हे कळलं नाही. मी अंगणात होतो. ते बाहेरून आले, सायकलकडे बघितलं आणि म्हणाले, "चाकातली हवा कोणी सोडली बे?" मी म्हटलं, मी नाही. ते म्हणाले, "मंग कोणी? यक्षानं?" आणि आत गेले.

त्यांनी 'मेघदूत' वाचलं नव्हतं. मी त्यांना कधी वाचून दाखवलंही नव्हतं.